मावशीची पंचेचाळीस मिनिटे

ओळख (तीन मिनिटे)

मी एक जुना टायमर आहे. चकती फिरवली की टिकटिकणारा आणि वेळ संपली की घंटी वाजवणारा, स्वयंपाकघरातला गोल टायमर. माझा जन्म कारखान्यातल्या एका लांब टेबलावर झाला. एकीने स्प्रिंग बसवली, दुसरीने आकड्यांची चकती लावली, तिसरीने मला कानाशी धरले आणि म्हणाली, "बरा आहे." ती माझी पहिली शाबासकी. मित्रांनो, मी बनलो होतो अंडी उकडण्यासाठी. पण मला विकत घेतले एका अनुवादक मावशीने, आणि तिला अंडी मुळीच— ट्रिंग!

(माफ करा. वेळ संपली की मी बोलणे अर्धवट सोडतो. स्वभावच तसा आहे.)

उमेदीची वर्षे (पाच मिनिटे)

मावशी औषधांच्या चिठ्ठ्यांचा अनुवाद करायची. खोक्यात बारीक अक्षरांची, दहा घड्यांची चिठ्ठी असते ना, जी आपण आधी बाजूला काढून ठेवतो, तीच. मला चाळीस मिनिटांवर लावून ती मान खाली घालायची. मी वाजलो की उठायची, पाठ ताणायची, खिडकीतून समोरच्या शिंप्याकडे पाहायची आणि पुन्हा बसायची. अशी एकोणतीस वर्षे. "हा नसता तर माझी मान टेबलालाच चिकटली असती," असे ती शेजारणीला सांगायची. मी फुगून जायचो.

मग यंत्र आले. यंत्र म्हणजे संगणकातला एक प्रोग्राम. एका भाषेतले वाक्य दिले की पापणी लवायच्या आत दुसऱ्या भाषेत करून देतो. मावशीकडे आता तयार अनुवाद येऊ लागले, नुसते तपासायला. संगणकाच्या कोपऱ्यात घड्याळ होतेच. मी ड्रॉवरमध्ये गेलो. तिथे संपलेले सेल होते, एक बटण होते आणि स्वतःला फार शहाणी समजणारी एक पेन्सिल होती. किती काळ गेला कोण जाणे. कुणी फिरवलाच नाही, तर टायमरला वेळ कुठून— ट्रिंग!

कोण शिकवणार?

(या भागाला मिनिटे लिहिलेली नाहीत. त्यावरून भांडण चालू होते.)

मला बाहेर काढले मावशीच्या भाचीने. ती विद्यापीठात अनुवाद करणाऱ्या यंत्रांवरच संशोधन करायची. त्या विषयाची एक मोठी परिषद भरणार होती. परिषदेच्या आदल्या दिवशी तीन-तीन तासांचे वर्ग असतात, त्यांना ट्युटोरियल म्हणतात. जाणकारांनी नवख्यांना काहीतरी शिकवायचे. पण त्यासाठी आधी प्रस्ताव पाठवावा लागतो: काय शिकवणार, कोण शिकवणार, कोणत्या भागाला किती मिनिटे. परीक्षकांना पसंत पडला तरच वर्ग.

भाचीचा विषय होता, यंत्राने केलेला अनुवाद माणसाने कसा तपासावा. शिकवणार भाची, तिचे सर आणि मावशी.

"मी?" मावशी म्हणाली. "अगं, त्या विद्वानांसमोर मी काय बोलू?"

"माझ्याशी बोलतेस तेच बोल."

"तुला तर मी रागावते."

"मग त्यांनाही रागव!"

सरांना मात्र पटेना. सर वाईट नव्हते, मित्रांनो, नियमांना घाबरणारे होते. "अहो ताई, फॉर्ममध्ये प्रत्येकाची प्रकाशनं लिहायची असतात. तुमच्या रकान्यात काय लिहू? परीक्षक सगळा प्रस्तावच उडवून लावतील. शेवटी आभारात घालू ना तुमचं नाव."

"घाला की," मावशी हसून म्हणाली. "आजवर आभारातही कुणी घातलं नाहीये."

भाची हसली नाही. एकोणतीस वर्षांत मावशीचे नाव कुठेच छापले गेले नव्हते. या वेळी ते शिकवणाऱ्यांत छापून यावे, एवढाच तिचा हट्ट होता. शेवटी ठरले, आधी तालीम करून पाहू. कुणाला किती मिनिटे लागतात ते मोजायला मी होतोच.

तालीम (दहा मिनिटे, असे सर म्हणाले होते)

विद्यापीठातली खोली लहान होती. टेबलाच्या एका पायाखाली कागदाची घडी होती. फळ्यावर कुणीतरी 'पुसू नका' लिहिले होते आणि काय पुसू नका ते पुसून टाकले होते.

सरांनी यंत्रांचा इतिहास सुरू केला. दहा मिनिटांनी मी वाजलो.

"झालंच, झालंच," सर म्हणाले. भाचीने मला पुन्हा फिरवले. मी पुन्हा वाजलो.

"सर, तो बिचारा दमला हो," मावशी म्हणाली.

मग तिची पाळी. तिने दोघांपुढे दोन-दोन कागद ठेवले, एक मूळ चिठ्ठी आणि एक यंत्राने केलेला अनुवाद. "बरोबर आहे का सांगा."

सरांनी अनुवाद वाचला. "उत्तम! कुठेही अडखळायला होत नाही." भाचीने अनुवादाला गुण देणाऱ्या प्रोग्रामला विचारले. शंभरात एक्याण्णव.

मावशीने दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले. डावे बोट मूळ चिठ्ठीवर, उजवे अनुवादावर. दोन्ही बोटे वाक्यामागून वाक्य सरकू लागली. सातव्या वाक्यावर डावे बोट थांबले. उजव्या बोटाला जोडीदारच सापडेना.

"इकडे बारा वाक्यं, तिकडे अकरा. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे औषध घेऊ नये. हे वाक्य कुठाय?"

ते कुठेच नव्हते. यंत्राने ते गाळून पुढचे-मागचे इतके छान जोडून घेतले होते की भोक दिसतच नव्हते.

"मूळ कागद तुमच्या हातात होता," मावशी म्हणाली. "अनुवाद छान वाटला की तो कुणी पाहतच नाही. यंत्राचे अनुवाद तपासायला लागले, त्या पहिल्या वर्षी मीही असंच केलं होतं."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"ताई, हे शिकवायला पंचेचाळीस मिनिटं पुरतील?"

"सवय लागायला वर्ष जाईल. पण सुरुवात होईल."

"मग माझा इतिहास कापा," सर म्हणाले.

मुदत

प्रस्तावाची मुदत काल संपली होती. खरेच काल! मला घाम फुटत नाही म्हणून बरे. पण या परिषदांची रीतच न्यारी. पृथ्वीवर कुठेही ती तारीख चालू असेल, तोवर मुदत चालू. आमच्याकडे आजची दुपार झाली होती, पण दूर समुद्रातल्या एका बेटावर, जिथे माणूसही राहत नाही, अजून कालच होता.

मावशीच्या प्रकाशनांपुढे भाचीने लिहिले: 'औषधांच्या चिठ्ठ्या, सुमारे चार हजार. सर्व छापील. एकीवरही अनुवादकाचे नाव नाही.'

सरांनी ती ओळ दोनदा वाचली. मग म्हणाले, "हे 'सुमारे' शोभत नाही. नेमका आकडा?"

"चार हजार एकशे बारा," मावशी म्हणाली.

"तोच घाला. आणि पाठवा."

निकाल

सहा आठवड्यांनी उत्तर आले. पहिल्या परीक्षकाला प्रस्ताव आवडला. दुसऱ्याने लिहिले, 'इतिहास आणखी कमी करावा.' ("आणखी?" सर ओरडले.) तिसऱ्याने लिहिले, 'मी रोज सकाळी दोन गोळ्या घेतो. तिसऱ्या सादरकर्तीचे लिखाण माझ्या घरात बहुधा असणार. प्रस्ताव स्वीकारावा.'

परिषदेच्या छापील कार्यक्रमात तीन नावे आली. मावशीने तो कागद आधी भाचीला वाचायला लावला, मग सरांना, मग चहा देणाऱ्याला.

वर्गाच्या दिवशी मी टेबलावर होतो. पंचेचाळीस मिनिटे झाली आणि मी जीव तोडून वाजलो. एकही माणूस उठला नाही. साठ माणसे मान खाली घालून कागदांवर बोटे सरकवत होती. मावशीने मला हळूच उचलले, वीस मिनिटे पुढे फिरवले आणि पुटपुटली, "थांब रे जरा." मला इतके छान कधीच कुणी गप्प केले नव्हते.

मित्रांनो, एक विनंती करतो. एखादी जुनी वस्तू टाकून देण्याआधी तिला एकदा हात लावून पाहा, ती चालतही असेल. आणि तुमच्या घरी कुणी वर्षानुवर्षे एखादे काम मुकाट्याने करत असेल, तर त्यांच्याजवळ बसा. ते काम कसे करतात ते त्यांच्याकडूनच शिका. मग कागद घ्या आणि त्या कामावर त्यांचे नाव लिहा. पूर्ण नाव, नीट, मोठ्या अक्षरांत.