भोंग्याच्या चुंबकाचं पाणी

"ती कळशी नको, चुंबकाची हाय ती," वासू परसातूनच म्हणाला.

चुलीवरचा भात बुडाला लागायच्या बेतात, आणि घरात भरलेली कळशी ती एकच. गिरजाने कपाळावर हात मारला. झऱ्यावरून चढण चढून पाणी आणायचं तिने, आणि त्याला हात लावायचा नाही तोही तिनेच.

तिचा नवरा वासू रामनगरात जत्रेचे भोंगे दुरुस्त करायचा. लोक बेळगावहून स्पीकरचे मोठाले बॉक्स आणू लागले, दुकान बसलं, आणि मेलेल्या भोंग्यांतली काळी चुंबकं पोतंभर नंदिगड्ड्याला घरी आली. रिकामं डोकं, दुसरं काय. कळशीला चुंबकं बांधून ठेवली की त्या पाण्यावर भाजी जोमाने वाढते, असं त्याच्या मनाने घेतलं. परसात तांबड्या भाजीचे दोन वाफे केले, एक चुंबकाच्या पाण्याचा आणि एक साध्या पाण्याचा. मधे कुणी हात घालायचा नाही, अशी वर तंबी.

नेमका चुंबकाचाच वाफा मरतुकडा निघाला. वासू त्याच्यापाशी उकिडवा बसून राही, जेवायला हाका मारल्या तरी उठत नसे. गाव आधीच त्याला चुंबकअण्णा म्हणत होतं. गिरजाला त्याचा संताप येई, आणि ते बसणं बघवतही नसे. शेवटी एका दुपारी तो झोपलेला बघून तिने त्या वाफ्याला शेणाचं पाणी कालवून घातलं. मग घालतच राहिली. भाजी अशी तरारली की वासू जेवताना हसू लागला. तिला वाटलं, मिटलं एकदाचं. कसलं मिटतंय.

शेजारचा परशू वाफा बघून गेला आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा दारात.

"अण्णा, थोडी चुंबकं द्या. यंदा भाताच्या तरव्याला खत न्हाई घालत, हे पाणीच घालतो."

गिरजाचा भाकरी थापणारा हात थांबला. रोपं खुरटली तर परशूच्या घरात वर्षभर काय शिजणार? आणि तोंड उघडावं तर नवऱ्याची अब्रू जाते.

वासू चुंबकं घ्यायला आत आला.

"अवो, देऊ नका," ती हळूच म्हणाली. "तुमच्या वाफ्याला शेण घातलंय मी."

"कवापासनं?"

"तुम्ही जेवायचं सोडलासा, तवापासनं."

त्याने उघडलेलं पोतं पुन्हा बांधलं. मग बाहेर गेला.

"परशू, चुंबकाचं काय न्हाई त्यात. गिरजानं शेण घातलं हुतं. तू खत घाल."

"व्हय? मग वैनीलाच इचारायचं की," म्हणत परशू हसत गेला. आता हे गावभर होणार. गिरजाला रडूच आलं.

ती परसात गेली तर वासूने दोन्ही वाफे उपटले होते. कोवळी भाजी ढिगाने पडलेली.

"ही शिजव. आता पहिल्यापासनं करू. शेण दोन्हीकडं सारखं."

"अजून भागलं न्हाई तुमचं?"

काय करावं या माणसाला. चडफडत तिने दोन्ही कळश्या उचलल्या आणि झऱ्याची वाट धरली. मागून वासू आला आणि तिच्या हातातली एक कळशी त्याने काढून घेतली.

"दोन्ही वाफ्यांचं पाणी तूच आणत हुतीस," तो म्हणाला. "ते मी हिशेबात धरलंच न्हाई."

येताना चढणीवर तो पुढे होता. कळशी त्याच्या खांद्यावर नीट बसत नव्हती, पाणी पाठीवरून सांडत होतं.

"अशानं वाफ्यापतोर काय पोचणार," गिरजा करवादली, आणि त्याच्या ओल्या पाठीमागून चालत राहिली.