दोरी धरणारा मेहुणा

आमच्या सालांगोच्या किनाऱ्यावर लाल शिंपल्यासाठी बुडणाऱ्याची दोरी त्याच्या मेहुण्यानंच धरायची, ही जुनी रीत. का? तर आपली बहीण विधवा व्हावी असं कुणालाच वाटत नाही. दोरी धरणाऱ्यानं वर तराफ्यावर बसून स्वतःचाही श्वास रोखायचा. आपला संपला की ओढायचं.

मी तोआला. तुंबाको दाजींची दोरी वीस वर्षं माझ्या हातात. पण यंदा खोकला जडला आणि छातीचं पार मातेरं झालं. धोंडा धरून दाजी तळाशी पोचतात न पोचतात तोच मी ओढायचो. झोळी रिकामी.

"काय रे, नुसता तळ दाखवायला नेतोस होय मला?" दाजी पाणी थुंकत म्हणायचे.

घरी त्यांची नात दोन महिन्यांची झाली तरी बिननावाची. गळ्यात लाल शिंपल्याचा मणी पडल्याशिवाय आमच्यात नाव ठेवत नाहीत. माझी अक्का, म्हणजे दाजींची बायको, नातीला नुसतं "ए बाई" म्हणायची. गावात कुजबुज सुरू झाली, तोआलाची दोरी काढून घ्या म्हणून. खरं सांगतो, मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

म्हणून त्या दिवशी मी चोरी केली. दाजी खाली, आणि मी हळूच नाकानं श्वास घेतला. मग आणखी एक. तेवढ्यात दोरी ढिली पडली. ओढत सुटलो. दाजी वर आले ते काळेनिळे, नाकातून रक्त, आणि मुठीत लालभडक शिंपला.

त्यांना पालथं घालून पाठ चोळली. श्वास सुरू झाला तसा मी रडायलाच लागलो. "दाजी, मी मधे श्वास घेतला. दोनदा. दोरी दुसऱ्याला द्या."

ते बराच वेळ खोकले. मग म्हणाले, "गाढवा, दुसरा मेहुणा आणू कुठून? तुझ्या अक्काला भाऊ एकच."

नातीचं नाव पिलाय ठेवलं. आणि दुसऱ्या दिवसापासून किनाऱ्यावरचा सगळ्यात खोल जाणारा माणूस जेमतेम दोन पुरुष खोल पाण्यात बुडू लागला. तिथं लाल शिंपला नसतो, नुसती कालवं.

महिनाभरानं अक्कानं टोपलीत डोकावून नाक मुरडलं. "रोज आपली कालवंच! अहो, खोल जायला काय झालं तुम्हाला?"

"तुझ्या भावाच्या श्वासाएवढा खोल जातो की," दाजी म्हणाले. "वाढ आता. आधी त्याला."