वगळलेले दोन सूर

निरीक्षकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि गिटारच्या दांड्यावरच्या पट्ट्या पेन्सिलीच्या टोकाने पुन्हा मोजल्या.

"सूर सात असतात. तुम्ही पाचच दिलेत."

"दोन काढलेत, काका," मास्तर म्हणाला.

वजनमाप खात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला असल्या उत्तराने समाधान होत नाही. गिऱ्हाईक बनून दुकानात शिरायचं, माल घ्यायचा आणि मग तोलायचा, ही त्यांची जुनी रीत. लेकीने या गिटारवाल्याशी लग्न करायचं म्हटल्यावर त्यांनी तेच केलं. खोटं नाव सांगून क्लास लावला. आज तिसरा शुक्रवार होता आणि अजून खोट सापडत नव्हती. म्हणजे ती नक्कीच खोल दडवलेली असणार.

"का काढले?"

"पाचवी पट्टी चौथीला खेटून. अकरावी बारावीला. मधे जागाच नाही, म्हणून घासतात. हे दोन सूर वगळले की उरलेल्या पाचांत कुठूनही कुठे जा, भांडण नाही."

निरीक्षकांनी अंतरं तपासली. दोन, दोन, तीन, दोन, तीन. हिशेब चोख होता. त्याचाच त्यांना जास्त संशय आला.

मास्तरने दुसऱ्या गिटारवर साथीला कॉर्ड, तीन-चार सुरांचा एकत्र झंकार, धरली. निरीक्षक पाच सुरांतून चाचपडत फिरले आणि मग पाचव्या पट्टीवर मुद्दाम बोट दाबून बसले. कानाला खुपलं. आता हा चिडणार, खरं रूप दाखवणार. पण मास्तरने मान वर न करता साथीची कॉर्ड बदलली आणि तोच सूर गोड लागला. त्यांनी अकरावी दाबली. पुन्हा तेच.

"चूक लपवलीत माझी."

"सूर तुमचाच. मी फक्त जागा करून दिली." तो हसला. "ती म्हणते, बाबा ठोकून बघितल्याशिवाय मडकंही घेत नाहीत."

निरीक्षकांना लाज वाटली आणि त्याहून जास्त राग आला.

"कधी ओळखलंत?"

"पहिल्याच दिवशी. नाकाने ती तुमच्यावरच गेलीय. तिला मात्र बोललो नाही."

"म्हणून तीन आठवडे गोड वागलात!"

"गोड? मागच्या शुक्रवारी एकच ओळ चाळीस वेळा वाजवून घेतली."

त्यांनी बोटांकडे पाहिलं. सालं निघाली होती. नाही म्हणता येईना.

घरी लेक इस्त्री करत होती.

"शुक्रवारी शुक्रवारी जाता कुठे, बाबा?"

"तुझ्या गिटारवाल्याकडे."

तिने इस्त्री उभी केली. चेहरा पांढरा पडला होता. "काय बोललात त्याला?"

निरीक्षकांनी चपला जागेवर ठेवल्या, पाणी प्यायले.

"लग्नाची तारीख शुक्रवारची धरू नका," ते म्हणाले. "माझा क्लास बुडतो."