ब्याऐंशीचा अंगठा

नांदूरघाटच्या सोसायटीत संगणकावर अंजना बसायची. २०१३ चा उन्हाळा. गाव टँकरच्या पाण्यावर जगत होतं आणि सोसायटीला हुक्की आली होती ती जुनी खाती संगणकात चढवायची. अंजनाने ट्रंकेतली पहिली वही काढली आणि तारखा होत्या तशा टाकल्या. वहीत साल दोनच आकड्यांत लिहिलेलं. संगणकाला कुठला आलाय आगापीछा? ८२ दिसलं की पुढे एकोणीस चिकटवायचे, एवढंच त्याला शिकवलेलं. उतारे छापले आणि घरोघर वाटलेही.

शनिवारी मेंढरंवाला सटवा उतारा घेऊन आला. त्याच्या बापाच्या, म्हाळूच्या, खात्यातून तीनशे रुपये उचलले होते. साल १९८२, सहीच्या जागी अंगठा.

"ताई, माझा बाप चौऱ्याहत्तरला मेला," सटवा हळू आवाजात म्हणाला. "मंग ब्याऐंशीला हा अंगठा कुणी लावला?"

तीनशे रुपयांचं त्याला काही नव्हतं. पण मेलेल्या बापाच्या नावावर कुणी हात मारला, हे तो रविवारच्या सभेत चारचौघांत विचारणार होता. वही सगळ्यांसमोर उघडा, असंही बजावून गेला.

अंजनाचं धाबं दणाणलं. वहीतलं अक्षर तिच्या वडिलांचं होतं. राधाकिशनराव तीस वर्षं सोसायटीचे सचिव. सोसायटीतल्या चहाचे पैसेसुद्धा स्वतःच्या खिशातून देणारा माणूस. आता वय ऐंशी, नजर अधू. घरात बाप आणि लेक दोघंच.

सरळ समोर बसून विचारायचं होतं, नाना, हे काय? पण ते होय म्हणाले तर? त्या होयची तिला इतकी भीती वाटली की ताटातली भाकरी तशीच राहिली. मग आठवलं, थोरल्या बहिणीचं, केसरबाईचं लग्न ब्याऐंशीतलंच. तेव्हा पैसा कुठून आला होता? शंकेला एकदा पाय फुटले की ती घरभर हिंडते. ज्या माणसाच्या मांडीवर बसून ती अक्षरं गिरवायला शिकली, त्याच्या पाठीकडेही तिला बघवेना.

रविवारी सकाळी तिने पिशवीतून घरी आणलेली वही उघडली, म्हाळूचं पान मुळापासून फाडलं आणि पाणी तापवायच्या चुलीत घातलं. जळून जाईपर्यंत ती तिथेच बसली. जिवाला जरा बरं वाटलं.

तेवढ्यात ओसरीवरून नानांनी हाक मारली. सटवाची कुरबुर त्यांच्या कानावर आली होती. अंजना ओसरीवर आली. नाना चक्क हसत होते.

"अगं, ते फसली साल हाय, निजामाच्या सरकारी हिशेबाचं," ते म्हणाले. "तेराशे ब्याऐंशी. निजामाच्या येळच्या मुनशीनं मला तसंच लिवायला शिकवलं. पुढं तपासनीसानं बंद करायला लावलं. त्यात पाचशे नव्वद मिळव की."

अंजनाने मिळवले. एकोणीसशे बहात्तर. मोठा दुष्काळ. म्हाळू तेव्हा जिता होता.

नाना सांगत होते, मेंढरांच्या चाऱ्यासाठी म्हाळूने पैसे उचलले होते. अंगठ्याशेजारी साक्ष म्हणून सटवाच्या चुलत्यानं सही केली होती, मोडक्या अक्षरात, पण स्वतःच्या हाताने. ती सही सटवा बघताक्षणी ओळखेल. प्रत्येक पानाच्या डोक्यावर 'फ' लिहिलेला असतो, तो दिसला नाही का तुला? अंजनाला तो दिसला होता. तिला वाटलं होतं, फाईलचा असेल.

"तू कावून भितीस?" नाना काठी शोधत उठले. "वही आण. म्हाळूचं पान मीच दावतो सटवाला."

बाकीच्या सगळ्या पानांवर फ होता. अंगठा आणि साक्ष असलेलं एकच पान वहीत नव्हतं, आणि ते फाडणारी राधाकिशनरावांचीच लेक होती. नानांनी चपला घातल्या आणि वहीसाठी हात पुढे केला.