ताऱ्यावर गेलेला नवरा

पिंपरीच्या औषध कारखान्याच्या वसाहतीत राहायला आल्यावर दुसऱ्याच वर्षी, म्हणजे अठ्ठावन्न साली, शालनबाईंची कादंबरी पुण्याच्या एका मासिकात प्रकरणाप्रकरणानं छापून येऊ लागली. विश्राम नावाचा तरुण यानात बसून दूरच्या ताऱ्याकडे जातो. तिकडे त्याचं एक वर्ष सरतं, तोवर इकडे त्याच्या बायकोची, मंदाकिनीची, वीस सरतात. ती वाट बघत म्हातारी होत चालली आहे. नवरा हिंदुराव कारखान्यात पहिल्या पाळीला गेला, की शालनबाई स्वयंपाकघरातल्या पाटावर कागद ठेवून लिहीत बसायच्या.

त्यांची सगळ्यात पक्की श्रोती होती सारजाबाई. चिखलीहून वसाहतीत दूध घालायला यायची. अक्षरओळख नव्हती, पण मासिक आलं की रतीब उरकून उंबऱ्याशी बसायची आणि सगळं प्रकरण वाचून घ्यायची. तिचा नवरा पलटणीत होता. चव्वेचाळीस साली ब्रह्मदेशात बेपत्ता झाला. मेल्याचा कागद आला नाही, तोही आला नाही. कुंकू ती अजून लावत होती.

दिवाळीनंतर तिचा भाऊ गेनबा शालनबाईंच्या दारी आला. बसा म्हटलं तरी बसला नाही. रावेतचा एक विधुर सारजाशी पाट लावायला तयार होता. माणूस भला, पदरात दोन लहान मुली. आषाढात सारजा जवळजवळ हो म्हणाली होती. पण आता विचारलं की एकच उत्तर देई.

“म्हनती, बाईंची गोष्ट संपू द्या, मग सांगते,” गेनबा खाली मान घालून म्हणाला. “तो मानूस मार्गशीर्षापतोर थांबतो म्हनलाय. तुमी कायतरी करा.”

शालनबाईंचा हात त्या दिवशी चालेना. संपादकांना त्यांनी विश्राम परत येणार असं कळवलेलं होतं. प्रेमकथेचा वाचक तेवढ्यासाठीच तर थांबतो. पण डोळ्यांपुढून सारजा हलेना. शेवटी त्यांनी लिहिलं, की यान वाटेतच जळालं, आणि मंदाकिनीनं पन्नाशीत नवं घर मांडलं. लिहिताना त्यांना स्वतःलाच रडू आलं. प्रकरण चांगलं उतरलं होतं.

मार्गशीर्षाचा अंक आला. संपादकांनी न विचारता शेवट बदलला होता. विश्राम अंगणात उभा होता, तसाच तरुण, आणि मंदाकिनी त्याच्या पायाशी.

सारजाबाई पदर सावरून बसली होती. शालनबाईंनी अंक उघडला आणि मनातलं, स्वतः लिहिलेलं म्हणायला सुरुवात केली. यान जळालं तिथपर्यंत आल्या, तेव्हा सारजाबाईनं हात वर केला.

“बाई, तुमी वाचत न्हाई. तुमचं डोळं कागदावर फिरत न्हाईत.”

शालनबाईंनी अंक मांडीवर ठेवला.

“छापलंय ते वाचा.”

त्यांनी वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग गेनबा येऊन गेल्याचंही सांगून टाकलं.

सारजाबाईनं चरवी जवळ ओढली. मग म्हणाली, “त्यो यील का न्हाई, हे तुमच्या कागदावरनं मी ठरवनार हुते व्हय? मला जरा सवड पायजे हुती. दर म्हैन्याला एक म्हैना. तुमी दोघांनी मिळून मला येडी ठरवली.”

शालनबाईंनी माफी मागितली. ती तिनं ऐकली की नाही, कळलं नाही. चरवी उचलून ती निघून गेली.

रावेतच्या माणसाला तिनं नाही म्हणून कळवलं. पौषानंतर त्याचं दुसरीकडे जमलं. दुधाचा रतीब चालूच राहिला, फक्त सारजाबाई उंबऱ्याशी टेकेनाशी झाली.

संपादकांचं पत्र आलं. शेवट वाचकांना फार आवडला, नवी कादंबरी लवकर पाठवा. शालनबाईंनी तीनदा सुरुवात केली, तीनदा फाडली. हिंदुरावांनी विचारलं तेव्हा त्या डोकं दुखतंय म्हणाल्या.

होळीच्या सुमारास सारजाबाईनंच भांड्यात दूध ओतता ओतता विचारलं, “नवीन काय लिवताय?”

“जमत नाहीये,” शालनबाई म्हणाल्या. “कुणासाठी लिहायचं तेच कळत नाही.”

“लिवा की,” सारजाबाई म्हणाली. “पन मला नका ऐकवू.”

आणि ती पुढच्या दाराकडे गेली.