बारीक टाके

"शेवटचं कधी खाल्लं हिने?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"परवा दुपारी. म्हणजे खाल्लं, पण लगेच उलटून पडलं."

"पाणी?"

"तेही ठरत नाही पोटात."

चिंधी पत्र्याच्या गार टेबलावर आडवी पडली होती. आठ महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू ते. एक कान उभा, एक पडलेला, आणि अंगात इतकी वळवळ की एरवी तिला धरायला दोन माणसं लागत. आज तिच्या पोटावर कोण हात ठेवतंय हे बघायलाही तिने मान वळवली नाही. शिवणताईंनी तिचं डोकं तळहातावर तोलून धरलं होतं. सगळी गल्ली त्यांना शिवणताईच म्हणायची. पँट आखूड करा, चेन बदला, पडदे शिवा, गणवेशाची शिवण सोडून सैल करा. वीस वर्षं दुसऱ्यांच्या मापात स्वतःला बसवता बसवता त्यांचं खरं नाव बहुधा त्यांनाच आठवून बघावं लागलं असतं.

डॉक्टरीणबाईंनी काळी फिल्म उजेडावर धरली. "ही बघा."

बघायची गरज नव्हती. फासळ्यांच्या खाली, तिरकी, लख्ख पांढरी. तुरपाईची सात नंबरची सुई.

"दोरा ओवलेला होता का?"

"हो. दुहेरी. हातभर तरी असेल."

"तोंडातून लोंबताना दिसला होता? कुणी ओढला वगैरे?"

"नाही," शिवणताई म्हणाल्या.

हे 'नाही' त्यांनी ठरवून म्हटलं नव्हतं. पायरी चुकावी आणि पाय आपोआप खालच्या पायरीवर पडावा, तसं ते पडलं.

"बरं. पोट उघडावं लागेल, त्याला इलाज नाही. पण अंगातलं पाणी पार आटलंय. आधी सलाइन लावते, जरा तरतरी येऊ दे, चारला घेऊ."

भिंतीवर पावणेबारा झाले होते.

बाहेर भिंतीला लागून लाकडी बाक होता. शिवणताई टोकाला टेकल्या. बाकाच्या दुसऱ्या टोकाला कोट घातलेले एक वयस्क गृहस्थ बसले होते, मांडीवर पिंजरा, पिंजऱ्यात पोपट.

"बोलतो का हो?" काहीतरी बोलायला हवं म्हणून शिवणताईंनी विचारलं.

"घरी तोंड मिटत नाही मेल्याचं. शेजारीण येईनाशी झाली याच्यापायी. इथे आणलं की मौनव्रत. मग डॉक्टरीण मलाच विचारते, तुम्हाला काय होतंय."

शिवणताई हसल्या. हसू ओठांवर आलं तसं वाळूनही गेलं.

परवा सकाळचंच ते. दुकान म्हणजे घराची पुढची खोली. मशीनच्या पायाशी कात्रणांचं पोतं, आणि त्या पोत्यात चिंधी. सहा महिन्यांपूर्वी कुठूनशी आली, त्याच पोत्यात शिरून झोपली, आणि कात्रणांत सापडली म्हणून चिंधी झाली. खिडकीशी खुर्चीत सासरे. अर्धांगाच्या झटक्यानंतर दोन वर्षं त्यांनी भिंतीकडे तोंड करून काढली होती. डॉक्टर सांगून थकले, शिवणताईंचा नवरा चिडून थकला आणि लांब पल्ल्याच्या ट्रकवर निघून गेला, तो महिन्यातून चार दिवस घरी. शेवटी उठवलं ते या एवढ्याशा कुत्रीने. तिला बाहेर न्यायचं म्हणून ते आधी उंबऱ्यापर्यंत आले, मग खांबापर्यंत, आणि आता कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन येत. "मी कुठे फिरतोय? हीच मला फिरवते," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे.

शिवणताईंची एक सवय होती. तुरपाई करता करता कुणी हाक मारली की दोरा ओवलेली सुई उजव्या खांद्यावर, कपड्यातच टोचून ठेवायची आणि उठायचं. आदल्या संध्याकाळी अशीच सुई टोचली, गिऱ्हाइकाला कपडे दिले, खाली बसल्या तोच चिंधीने खांद्यावर दोन्ही पाय टाकून गळ्यात पडायचा आपला रोजचा उद्योग केला. रात्री सुई दिसली नाही. पडली असेल कुठेतरी, म्हणून त्यांनी केर जपून काढला, एवढंच.

सकाळी चिंधीच्या तोंडाच्या कोपऱ्यात वीतभर निळा दोरा लोंबत होता.

आता, लोंबता दोरा दिसला की शिवणताईंचा हात थांबत नसे. रस्त्यात अनोळखी माणसाच्या बाहीचाही त्या ओढायच्या. त्यांनी दोरा चिमटीत धरला आणि ओढला. थोडा आला. मग ताणला गेला. शिवण उसवताना अडला की करतात तसं त्यांनी बोटाला दोन वेढे दिले आणि एक हिसका दिला. चिंधी केकाटली. दोरा तुटला.

"निघाला बघा," त्या स्वतःशीच म्हणाल्या होत्या, आणि दोरा पोत्यात टाकून मशीनवर बसल्या होत्या. त्याच्या टोकाला सुई नाही, हे त्यांना दुपारी चिंधीने पहिली उलटी केली तेव्हा लक्षात आलं. तरी कालचा अख्खा दिवस त्यांनी ढकलला. काहीतरी कुजकं खाल्लं असेल म्हणत, आपलीच समजूत घालत.

फोन वाजला. सासरे.

"काय म्हणतेय ती डॉक्टरीण?"

"सलाइन लावलीय बाबा. चार वाजता ऑपरेशन."

"चार? तोवर काय तिथे पंचांग बघतायत का?" मग आवाज खाली आला. "घाबरली असेल. तिला सांग, मी इथेच आहे म्हणावं."

"सांगते."

"आणि तू खाल्लंस का काही?"

"हो," त्या म्हणाल्या. दिवसातलं दुसरं खोटं. हे निदान सोपं होतं.

साडेबारा झाले. काचेच्या दारातून आतली सलाइनची बाटली दिसत होती. शिवणताई तिचे थेंब मोजू लागल्या, चुकल्या, पुन्हा मोजू लागल्या. हात रिकामे राहिल्यामुळे त्यांना बसवेना. त्यांनी पदर नीट केला, पिशवीचा बंद सोडून पुन्हा बांधला. शेजारच्या गृहस्थांच्या बाहीतून एक करडा दोरा बाहेर आला होता. त्यांचा हात आपसूक तिकडे गेला आणि निखाऱ्याला लागावा तसा मागे आला.

"काढा की," गृहस्थ म्हणाले. "तुम्ही शिवणकाम करता वाटतं. घरी मला कुणी सांगणारं नाही आता."

"नको. असू दे तो."

"बरं, असू दे. पण तुमच्या खांद्यावर सुई आहे हो. टोचेल एखादवेळी."

शिवणताईंनी मान वळवली. उजव्या खांद्यावर सुई होती. काळा दोरा ओवलेला, हातभर. सकाळी चिंधीला उचलायच्या आधी, डोळ्यांत पाणी असताना त्या कुणाच्या तरी पँटची तुरपाई पुरी करत बसल्या होत्या. जीव थाऱ्यावर राहावा म्हणून. सासऱ्यांनी 'ती बघ कशी करतेय' अशी हाक मारली तेव्हा हाताने आपलं नेहमीचं काम केलं होतं. आणि तशाच त्या चिंधीला खांद्यावर टाकून इथवर आल्या होत्या.

त्या उठल्या. काचेचं दार त्यांनी वाजवलंही नाही, सरळ ढकललं.

"डॉक्टरीणबाई, मी खोटं बोलले. दोरा मी ओढला होता. हिसका देऊन. परवा."

डॉक्टरीणबाईंच्या हातातला पेन टेबलावर पडला. त्यांनी चिंधीच्या पोटावर पुन्हा हात ठेवला, या वेळी सावकाश, एकेक बोट दाबत. चिंधी कण्हली.

"आत्ता घ्यायचं," त्या मदतनीस मुलीला म्हणाल्या. "तयारी कर. चारची वाट नको."

"काय झालं असेल आत?" शिवणताईंनी विचारलं.

डॉक्टरीणबाई हात धुत होत्या. रागावायला त्यांना वेळ नव्हता, किंवा रागावणं त्यांना बरं वाटलं नसेल. "सुई एका जागी रुतलीय. दोरा पुढे आतड्यात गेलाय. वरून ओढला की आतडं त्या दोऱ्यावर गोळा होतं. आणि मग तो दोरा आतून कापत जातो."

शिवणताईंना आणखी काही समजावून सांगावं लागलं नाही. मुलींच्या फ्रॉकला झालर लावायची तर त्या हेच करायच्या. लांब धावदोरा घालायचा, एक टोक पक्कं करायचं, दुसरं टोक ओढायचं. कापड सुरसुर करत चुणत जातं. फार ओढलं की विरतं.

त्या चिंधीच्या उभ्या कानाशी वाकल्या. "बाबा घरीच आहेत," त्या म्हणाल्या. "सांगितलंय त्यांनी."

चिंधीने त्यांचा अंगठा चाटला. जीभ कोरडी होती, खरखरीत.

दार लागलं. बाकावर पोपटवाले गृहस्थ तसेच होते. त्यांचा नंबर केव्हाच आला असता, पण ते काही बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने पोपटच बोलला. "चहा झाला का?" अगदी बाईमाणसाच्या आवाजात. गृहस्थांनी पिंजऱ्यावर रुमाल टाकला आणि तोंड दुसरीकडे केलं.

पावणेतीनला दार उघडलं. डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. तोंडावरचा मास्क गळ्यात होता.

"या आत."

सांगण्यासारखं त्या दोन शब्दांतच सांगून झालं होतं.

"पाच ठिकाणी कापलं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चार मी शिवली. पाचव्याला श्वास थांबला. आम्ही खूप प्रयत्न केला."

"मी आल्या आल्या खरं सांगितलं असतं तर?"

डॉक्टरीणबाईंनी गळ्यातला मास्क काढून ठेवला. "सांगता येत नाही. वाचली नसती असं उगीच म्हणणार नाही मी तुम्हाला. पण विष परवापासूनच पसरत होतं."

शिवणताईंनी मान हलवली. हे त्यांना पटलं असं नाही, पण हे खरं होतं, आणि आज त्यांना खऱ्याचीच गरज होती.

टेबलावर हिरव्या कपड्याखाली चिंधी होती. पोट अजून मिटलं नव्हतं. मदतनीस मुलगी जाड सुईत जाड दोरा ओवत होती. "चार टाके घालून देते, म्हणजे न्यायला बरं," ती हलक्या आवाजात म्हणाली.

शिवणताईंनी त्या सुईकडे पाहिलं. गोणपाट शिवायला घ्यावी तशी होती.

"बारीक घालाल का?" त्या म्हणाल्या. "म्हणजे... मला ठाऊक आहे, आता काही उपयोग नाही. पण घरी म्हातारं माणूस आहे. ते हात फिरवून बघतील."

मुलीने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. बाहेर एक कुत्रं भुंकत होतं, फोन वाजत होता, कुणीतरी 'किती वेळ हो अजून' असं विचारत होतं. डॉक्टरीणबाईंनी कपाटातून दुसरं पाकीट काढलं, फोडलं. आत केसासारखा दोरा होता.

"कड धरता का?"

"धरते."

शिवणताईंनी दोन्ही कडा जुळवल्या. गिऱ्हाइकाचा भारी कपडा धरतात तशा, बोटांच्या टोकांनी, न ताणता. कड अजून कोमट होती. डॉक्टरीणबाई टाका घालत, गाठ देत, कापत. पुन्हा टाका. चौथा की पाचवा जरा ओढला गेला आणि कातडं गोळा झालं.

"सैल," शिवणताई अगदी हळू म्हणाल्या. "चुणी पडतेय."

डॉक्टरीणबाईंनी तो टाका कापून काढला आणि पुन्हा घातला. एकवीस टाके पडले. सगळे एका मापाचे.

घरापर्यंत चालत पंधरा मिनिटं. चिंधीला चादरीत गुंडाळून छातीशी धरून शिवणताई आल्या तेव्हा सासरे दुकानाबाहेरच्या बाकड्यावर बसले होते. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेलं ते बाकडं. ते तिथवर एकटे आले होते, काठीशिवाय. त्यांनी सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग चादरीकडे.

"दे इकडे."

त्यांनी चादर बाजूला केली. धड हाताने त्यांनी झटक्याने गेलेला आपला उजवा हात उचलून चिंधीच्या पोटावर ठेवला. अधू बोटं टाक्यांवरून फिरली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"कुणी शिवलं? तू?"

"डॉक्टरीणबाईंनी. मी धरलं होतं."

"बरं शिवलंय."

शिवणताई तशाच उभ्या होत्या. "बाबा, दोरा मी ओढला होता. परवा सकाळी. माझ्यामुळे झालं."

म्हाताऱ्यांनी चादरीची कड सारखी केली. समोरून सायकली जात होत्या.

"मी खुर्चीतनं बघत होतो की," ते म्हणाले. "मलाही वाटलं, निघेल. मनात म्हटलं, ओढ, जरा जोर लाव."

तेवढ्यात पँट न्यायला एक गिऱ्हाईक आलं. "ताई, झाली का हो ती..." म्हणत त्याने पावती पुढे केली, चादरीत काय आहे ते पाहिलं, पावती खिशात घातली आणि दबक्या पावलांनी माघारी वळलं.

सासरे बाकड्यावर जरा सरकले. दोन माणसांना जेमतेम पुरेल एवढी जागा झाली.

"बस पोरी," ते म्हणाले. "जड आहे ही. एकट्याला पेलायची नाही."

शिवणताई बसल्या. चिंधीचं डोकं त्यांनी आपल्या मांडीवर घेतलं, पाय सासऱ्यांच्या मांडीवर राहू दिले.