अक्काचा वाटा

दीपश्रीने वत्सलाबाईंचं मनगट सोडलं आणि अंबूताईंचं धरलं. उठताना अंबूताई झोकांडल्या होत्या, म्हणून. बोटांखाली ठोके इतके सावकाश येत होते की तिने पुन्हा एकदा घड्याळाकडे पाहिलं.

“अंबूताई, तुम्ही कसली गोळी घेता का?”

“मला काय धाड भरलीय? स्वप्नं तेवढी फार पडतात बघ. परवा दाजीबानपेठेत अप्पांच्या कापडाच्या दुकानात मी आणि वत्सला ताग्यांवरून घसरत होतो. निळा तागा होता. जाग आली तरी खिडकीतून उणकलचं तळं त्याच रंगाचं दिसत होतं.”

दीपश्रीने ठोक्यांचा आकडा लिहून घेतला. हृदयाची लय ताळ्यावर आणणारं एक जुनं औषध झिजत्या मेंदूलाही टेकू देतं का, यावर धारवाडला संशोधन चाललं होतं आणि त्यातल्या रुग्णांना घरी जाऊन तपासणं हे तिचं काम. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसत्या पिठाची. कुणाला कुठली ते तिलाही ठाऊक नसे. पण मंद नाडी आणि रंगीत स्वप्नं ही खऱ्या गोळीची खूण होती. रुग्ण होत्या वत्सलाबाई, आणि त्यांची नाडी आपली पहिल्यासारखीच दुडदुडत होती.

अंबूताईंना संशोधनाचं सोयरसुतक नव्हतं. धाकट्या बहिणीने डोळे मिटायच्या आत एकदा आपल्याला ओळखावं, एवढीच त्यांची आशा. जन्मभर ‘अक्का, अक्का’ करून डोकं खाणारी वत्सला आता त्यांनाच विचारी, “तुम्ही कोणाकडच्या?” हे सांगतानासुद्धा अंबूताईंना रडू आवरत नसे.

“गोळी कशी देता, दाखवा बघू.”

“नुसती दिली तर थुंकते की. म्हणून लाडवात.” पोळीचा कुस्करा, गूळ, तूप, खोबऱ्याचे तुकडे. अंबूताईंनी लाडू वळून मधोमध गोळी दाबली. “पण आधी मला भरवल्याशिवाय ही खायची नाही. लहानपणापासूनची खोड. मला देते चिमूटभरच, बाकी सगळं हिच्याच पोटात जातं.”

वत्सलाबाईंनी लाडू हातात घेऊन चाचपला. आतला कडक तुकडा लागताच तो नखाने हळूच उकरून काढला, त्याला गुळाचा कुस्करा लावला आणि अंबूताईंच्या तोंडाशी नेला.

दीपश्रीने वत्सलाबाईंचा हात मध्येच धरला. “आजी, हे काय आहे?”

“खोबरं,” वत्सलाबाई रागावून म्हणाल्या. “ते अक्काचं. मी नाही खात कधी.”

अंबूताई बघतच राहिल्या. किती दिवस दातांविना त्या तो घास गोळीसकट तसाच गिळत आल्या होत्या.

“मला हे वर सांगावं लागेल,” दीपश्री हलकेच म्हणाली. “यांचं नाव संशोधनातून काढतील. आणि तुम्ही आत्ताच माझ्याबरोबर दवाखान्यात चला.”

“सांग की.” अंबूताईंनी बहिणीच्या चिमटीतली गोळी काढून दीपश्रीच्या तळहातावर ठेवली. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलंसुद्धा नाही. “येते मी. आधी हिच्या हातचा घास खाऊ दे मला.”